दिवाणाखालच्या ३७० प्रती

प्रश्न : मी मूळचा खानदेशातल्या अमळनेर तालुक्यातला. वडील सुरतेला सांचाखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला आले आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. आता निवृत्त झालोय, मुलानं कामरेजला घर घेतलं, तिथं राहतो. वडील आणि त्यांच्याबरोबर गाव सोडून आलेली माणसं यांच्या हकिकतींचं १४४ पानी पुस्तक मी लिहिलं. संवाद अहिराणीत ठेवलेत. दोन प्रकाशकांकडून उत्तर आलं नाही, म्हणून पदरच्या पैशानं छापलं. ५०० प्रतींना ४२,००० रुपये खर्च आला, किंमत २०० ठेवली. वर्ष झालं. ९० प्रती भेट दिल्या, ४० विकल्या, त्याही दीडशे रुपयांनी. उरलेल्या ३७० दिवाणाखाली आहेत. इथं आसपास मराठी पुस्तकांचं दुकान माझ्या पाहण्यात नाही, सोसायटीत बहुतेक सौराष्ट्रातली, हिऱ्याच्या धंद्यातली मंडळी. गुजरातेत राहून, जाहिरातीला पैसा नसताना, मराठी पुस्तक खरंच विकता येतं का?
— एक वाचक, कामरेज

उत्तर : विकता येतं. तुमचं पुस्तक तर विकलं जायलाच हवं, कारण ते ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहतात.

पत्र वाचल्यावर मी आधी हिशेब मांडला. गठ्ठ्यांकडे बघून माणूस खचतो तो बऱ्याचदा हिशेब न केल्यामुळं. एका प्रतीला तुम्हाला ८४ रुपये पडले. ४० प्रतींचे ६,००० आले, म्हणजे ३६,००० यायचे बाकी. इथून पुढची प्रत स्वतःच्या हातानं १६० रुपयांना दिलीत तर २२५ प्रतींत मुद्दल सुटतं आणि १४५ प्रती हातात राहतात. हीच प्रत दुकानदाराला ४० टक्के सुटीनं दिली तर १२० रुपयेच येतील आणि मुद्दल सुटायला ३०० प्रती लागतील. तेव्हा तुम्हाला शोधायची आहेत २२५ माणसं. हा आकडा कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला खोडून नवा लिहा.

आता ही २२५ माणसं कुठं आहेत? कामरेज चार रस्त्यावर दिवसभर टेबल मांडून बसलात तर गर्दी अफाट दिसेल, पण ती मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून पुढं जाणारी गर्दी आहे. तुमचा वाचक सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागात आहे. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी कानावर पडते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, गणपती बसतात आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत खानदेशाची देवी कानबाई बसते. आणि वाचक तिथंच संपत नाही. उधन्याहून निघणारा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग बार्डोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगाव-भुसावळला जातो. तुमच्या पुस्तकातली माणसं याच मार्गानं आली असणार, तर पुस्तकानंही त्याच मार्गानं परत जावं. या मार्गावर ज्या गावात तुमचा एक तरी नातेवाईक आहे, तिथं १० प्रतींचा एक गठ्ठा आणि एक वही ठेवा. वहीत तीनच रकाने : कुणाला दिली, पैसे आले का, त्यानं आणखी कुणाचं नाव सांगितलं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. अशी पुस्तकं एका माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं घ्यायची असतात, आणि ज्यानं वाचून दुसऱ्याचं नाव सांगितलं तोच तुमचा खरा विक्रेता.

विक्रीचा हंगाम तुम्हाला सांगायला नको. कानबाईच्या रोटांना एकेका घरात भाऊबंद जमतात, त्या दोन दिवसांत जितकी खानदेशी माणसं एका छपराखाली भेटतील तितकी एरवी महिनाभर फिरून भेटणार नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. उन्हाळ्यात सुरतेहून अख्खी कुटुंबं लग्नांना गावाकडं जातात आणि आहेरात टॉवेल-टोपी देतात. त्या टॉवेल-टोपीवर एक पुस्तक ठेवा म्हणून यजमानाला सांगा. मुलाच्या बापाला विचारा, 'आपल्या बापजाद्यांनी सुरतेत दिवस कसे काढले ते यात आहे. पंचवीस प्रती मानाच्या आहेरात ठेवता का?' असं एक लग्न ठरलं तरी वर्षभरात जितक्या विकल्या त्याच्या निम्म्याहून जास्त प्रती एका दुपारी जातील. अशा घाऊक मागणीला किंमत थोडी उतरवायला हरकत नाही, पण १२० च्या खाली जाऊ नका.

मात्र नुसतं टेबल मांडून, पुस्तकं रचून बसू नका. वाचून दाखवा. गल्लीत, मंडळाच्या मांडवात, मंदिराच्या ओट्यावर, रात्रीच्या जेवणानंतर, दहा मिनिटं. त्याहून जास्त नको. असा प्रसंग निवडा ज्यात ऐकणाऱ्याला स्वतःचा बाप दिसेल : पहिली रात्रपाळी, एका खोलीत झोपणारी आठ माणसं, गावाकडं गेलेली पहिली मनीऑर्डर. प्रसंग ऐन भरात आला की थांबा आणि पुढचं पुस्तकात आहे म्हणून सांगा. अहिराणी संवाद तुम्ही ठेवलेत ते फार चांगलं केलंत. छापलेली अहिराणी पाहताना डोळे अडखळतात, पण तीच मोठ्यानं वाचली की सारा मांडव हसतो किंवा गप्प होतो. आणि नव्या पिढीला मराठी वाचता येत नाही असं धरून चालू नका. गुजराती माध्यमातली मुलंही शाळेत हिंदी शिकतात, देवनागरी त्यांना येते. अडतं ते सवयीपाशी. आजोबांनी चार पानं वाचून दाखवली तर पाचवं पान नातू वाचतो, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

भेट दिलेल्या ९० प्रतींबद्दल बोलायला हवं. पुस्तकासाठी ज्यांनी तुम्हाला आठवणी सांगितल्या त्यांच्या घरी प्रत फुकटच गेली पाहिजे, ते त्यांचं देणं आहे. शाळा आणि ग्रंथालयं यांना द्यावी. ज्या परिचितानं ते वाचून त्यावर चार ओळी लिहायचं कबूल केलं त्याला द्यावी. यापलीकडं, पुढाऱ्यांना, पदाधिकाऱ्यांना, व्यासपीठावरच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर दिलेली प्रत क्वचितच उघडली जाते. आपल्याकडं ओळखीच्या लेखकाकडून पुस्तक विकत घेणं लोकांना संकोचाचं वाटतं आणि लेखकाला पैसे मागणं त्याहून संकोचाचं. हा संकोच तुम्हीच मोडायला हवा. ज्यानं सांचाखात्यात आयुष्य घालवलं त्याला मजुरीची किंमत कळते, पुस्तकही मजुरीच आहे. पिशवीत दहा प्रती, खिशात पावतीपुस्तक आणि मोबाइलवर क्यूआर एवढं बरोबर असलं की 'सुटे नाहीत', 'नंतर देतो' ही दोन्ही वाक्यं बंद होतात. ज्या ९० जणांना प्रत गेली त्यांना एकेक फोन करा. पैसे मागू नका, पुस्तक वाचलं का ते विचारा आणि दोन नावं मागा. त्यांतल्या तिसांनी जरी दोन-दोन नावं दिली तर ६० माणसांची यादी तयार झाली.

स्वतः पुस्तक काढणं ही हरलेल्या लेखकाची वाट आहे असं तुमच्या पत्रातून डोकावतं. ते मनातून काढून टाका. मराठीत या वाटेनं मोठी माणसं गेली आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. होऊन आले. मराठीत ज्ञानकोश व्हावा असं त्यांना वाटलं, पण असलं प्रचंड काम अंगावर घेणारा प्रकाशक कुठून आणायचा? त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली, भाग विकले, पुस्तक हातात यायच्या आधी ग्राहक नोंदवले, त्यासाठी वणवण केली, पुढं काम पुण्याला हलवलं आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे केले. हे सगळं कसं केलं, पैसे कसे जमवले, अडचणी कुठं आल्या, याचा हिशेबही त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात लिहून ठेवला. स्वतः पुस्तक काढणाऱ्यानं ते जरूर वाचावं. तुमच्यासाठी केतकरांची आणखी एक गोष्ट महत्त्वाची : मराठी ज्ञानकोश झाल्यावर केतकर गुजराती ज्ञानकोशाच्या कामाला लागले. दोन भाषांमधली ही वाट जुनीच आहे.

आगाऊ नोंदणीचं हेच सूत्र १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली' या वाचक चळवळीनं वापरलं. वाचकांना सभासद करून घेतलं, त्यांच्या आधारावर पुस्तकं काढली, आणि दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली त्यातूनच आलं. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तर तुम्हीही छापखान्यात जायच्या आधी नावं नोंदवून घ्या.

तुमच्या सुरतेतच गुजराती कवी नर्मद झाला. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यानं शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. 'डांडियो' पत्र काढलं, १८७३ मध्ये 'नर्मकोश' पुरा केला, आणि ओढगस्तीनं अखेर १८८२ साली त्याला मुंबईत नोकरी धरावी लागली. आज शहराचं मोठं ग्रंथालय आणि दक्षिण गुजरातचं विद्यापीठ दोन्ही त्याच्या नावानं आहेत. मला यात दिसतं ते एवढंच की पुस्तकाच्या पैशावर घर चालवायचा विचार करू नये. तुम्ही निवृत्त आहात, घर मुलाचं आहे, छपाईसाठी कर्ज काढल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्याकडं वेळ आहे, आणि या कामात खरं भांडवल तेच असतं.

आता कामरेज. मघाशी मी त्याला बाजूला ठेवलं, पण सोडलेलं नाही. कामरेज तालुका एकेकाळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. म्हणजे तिथं राज्य गायकवाड या मराठी घराण्याचं होतं. महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात लागू केलं, १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि गावानं काही रक्कम जमवली की संस्थान आपला वाटा घालून गावाचं ग्रंथालय उभं करून देई. पेटीत पुस्तकं भरून खेड्यांना पाठवायची फिरती ग्रंथालयंही होती. त्या जमिनीवर बसून तुम्हाला वाटतं की इथं मराठी पुस्तकाला वाव नाही. मला ते पटत नाही. तालुक्यातल्या ग्रंथालयांत आणि शाळांत चौकशी करा, जिथं जुनी मराठी पुस्तकं कपाटात सापडतील तिथं एक प्रत देऊन या.

आणि तुमच्या सोसायटीतले शेजारी? अमरेली-भावनगरकडून हिरे घासायला आलेल्या माणसाची आणि अमळनेरहून सांचे चालवायला आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी किती असेल? गाव सुटलं, दुष्काळ होता किंवा शेत पुरत नव्हतं, एका खोलीत दहा जण राहिले, मंदी आली तेव्हा परत गावी गेले, पुन्हा आले. तुमच्या पुस्तकातलं एक प्रकरण निवडा, जे वाचायला कुठलीही ओळख लागणार नाही असं. घरातल्या गुजराती माध्यमात शिकलेल्या नातवंडाला बरोबर घेऊन ते गुजरातीत आणा, एखाद्या गुजराती शिक्षकाकडून तपासून घ्या आणि १६ पानांची, एका फॉर्मची पुस्तिका छापा. तिची किंमत दहा-वीस रुपये ठेवा. सोसायटीच्या नवरात्रात ती वाचून दाखवा. मराठी पुस्तक यामुळं लगेच खपणार नाही, हे खरं. पण हे दोन समाज शेजारी राहून एकमेकांची हकिकत ऐकत नाहीत, आणि ती ऐकवण्याचं साधन तुमच्या दिवाणाखाली पडून आहे. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातलं मोलाचं काम हेच.

दुकानांविषयी थोडक्यात सांगतो. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे इथले विक्रेते लेखकानं स्वतः छापलेलं पुस्तक ठेवतात, पण विकलं तर पैसे या बोलीवर. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या ५० प्रती मी एका गावातल्या विक्रेत्याकडं नुसत्या ओळखीवर ठेवल्या होत्या. तीन वर्षांनी गेलो तेव्हा ना प्रती होत्या, ना पैसे, ना कुणाला काही आठवत होतं. चूक माझी होती, कागद केला नव्हता. तेव्हा एका दुकानात दहाच प्रती द्या, चलनावर सही-शिक्का घ्या, सूट किती आणि हिशेब किती महिन्यांनी ते त्यावरच लिहा, आणि ठरलेल्या दिवशी स्वतः जा. साहित्य संमेलनाच्या गर्दीत एकट्या पुस्तकासाठी गाळा घेणं परवडत नाही. तुमच्यासारखे चार-पाच लेखक मिळून घ्या. २०२४ चं संमेलन तुमच्या अमळनेरलाच झालं होतं. तेव्हा पुस्तक तयार नव्हतं याची हळहळ नको, खानदेशात बोलीची आणि तालुक्याची लहान संमेलनं होतात. तिथं तुमच्या पुस्तकाकडं जास्त नजरा वळतील.

प्रश्न : मीही कवितासंग्रह स्वतः छापते आहे. आयएसबीएन घ्यावाच लागतो का? त्याचे पैसे पडतात का? आणि पुस्तकं टपालानं पाठवायची स्वस्त सोय बंद झाली म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : टेबलावर पुस्तक विकायला आयएसबीएन लागत नाही. ऑनलाइन विक्रीला आणि ग्रंथालयांच्या खरेदीला तो उपयोगी पडतो, म्हणून घ्यावा. आपल्या देशात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि लेखक-प्रकाशकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. मध्यस्थ त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. मात्र १९५४ च्या कायद्यानं एक जबाबदारी तुमच्यावर आहे, ती बहुतेक नवे लेखक विसरतात : प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची. चार प्रती जातात, पण तुमचं पुस्तक पन्नास वर्षांनीही कुणाला तरी सापडेल. तुम्ही महाराष्ट्राच्या हद्दीत आहात, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठीही पुस्तक पाठवा. सार्वजनिक ग्रंथालयं खरेदी करताना ती यादी पाहतात.

टपालाचं म्हणाल तर रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, हे खरं. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा ठेवला होता. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं त्यातून जातात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि जाहिरातीचा मजकूर चालत नाही. कवितासंग्रह घेतात का आणि आजचा दर काय, हे पाकीट बांधण्यापूर्वी तुमच्या टपाल कार्यालयात विचारून घ्या.

कामरेजच्या वाचकांना पुन्हा एक विनंती. येत्या कानबाईला दहा प्रती पिशवीत घालून लिंबायतला किंवा डिंडोलीला जा, वही बरोबर न्या. पहिल्या शंभर प्रतींचा हिशेब झाला की तो मला कळवा, आणि एक प्रत पाठवा. तिचे १६० रुपये मी आधी पाठवीन.